लेक मंगळुरूला शिकते

आमच्या इंझोरीत बारावी सायन्स झालेल्या मुलीला एकच प्रश्न विचारतात, "नीटला किती मार्क?" कमी पडले की स्थळं बघायला सुरुवात. माझी भाची मात्र आज मंगळुरूजवळच्या देरळकट्ट्याला वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानात बीएससी करते.

तिथे मेडिकल कॉलेजं एकमेकांना लागून आहेत. येनेपोया संस्थेला २००८ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. सकाळी वर्ग, दुपारी लॅबमध्ये रक्ताचे नमुने, रात्री जर्नल. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत. भाकरीऐवजी उकड्या तांदळाचा भात. पेशंट कन्नड, तुळू बोलतात. तिथल्या अनेक मुस्लिम घरांत बेअरी चालते. तिला पहिला शब्द जमला 'स्वल्प', म्हणजे थोडं. आपल्या स्वल्पविरामातला! सुई टोचताना तोच कामी येतो.

पालकांनो, एवढं लक्षात ठेवा. अशा अभ्यासक्रमांसाठी २०२१ साली केंद्राने स्वतंत्र कायदा केला आहे. प्रवेशाआधी मान्यता, इंटर्नशिप, होस्टेलसह एकूण खर्च आणि शिष्यवृत्ती यांची चौकशी स्वतः करा. एजंटवर विसंबू नका.

ईदला ती घरी आली. नानीच्या फाइलमधला रिपोर्ट काढून म्हणाली, "नानी, एचबीएवनसी म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर. तुमची वाढलीये." तो कागद कितीतरी दिवस तसाच पडून होता. आमच्या घरात कुणाला तो वाचताच येत नव्हता.