'खिचडी' बोलीचे गोत्र कोणते?

लोधीखेड्याच्या बाजारात कोणाशीही दोन मिनिटे बोलावे. "तहसीलले जाऊन राहिलो, आधार ठीक कराले," असे काहीतरी हमखास कानावर येते. ही मराठी की हिंदी, असे विचारले तर समोरचा हसून म्हणतो, "आमची कायची मराठी? खिचडी हाय ते!"

हे उत्तर विनयाचे आहे, पण महागात पडणारे आहे. जनगणनेत मातृभाषेचा रकाना असतो. २०११ मध्ये मातृभाषा आणि येणाऱ्या आणखी दोन भाषा अशी विचारणा झाली होती. दारात आलेला प्रगणक हिंदीत विचारतो, आपणही हिंदीत उत्तर देतो आणि आईशी जन्मभर मराठीत बोललेला माणूस रकान्यात 'हिंदी' लिहवून मोकळा होतो. राज्यघटनेच्या ३५०-क कलमाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय सांगितली आहे. ती मागायला गेले की पहिला प्रश्न येतो : तुम्ही आहात किती?

तेव्हा खिचडी म्हणजे काय, हे एकदा नीट पाहिले पाहिजे. त्यासाठी जरा लांब, थेट युरोपात जाऊ.

क्रोएशिया हा छोटा देश. सोळाव्या-सतराव्या शतकांत त्याचा बराच मुलूख तुर्की सुलतानांच्या अमलाखाली होता. १६९९ च्या कार्लोविट्झच्या तहाने त्यातला मोठा भाग सुटला. तुर्क गेले, शब्द राहिले. आपल्या सौंसर-पांढुर्ण्याच्या शेतात पिकतो तो कापूस तुर्कीत 'पामुक' आणि क्रोएशियनमध्येही 'पामुक'. हातोडी तुर्कीत 'चेकिच', तिकडेही जवळजवळ तेच. उशी 'यास्तिक', ती झाली 'यास्तुक'. खिशाला दोघेही 'जेप' म्हणतात. हा आपल्या शेजारच्या हिंदीतला 'जेब'च, मूळ अरबी. साखरेला तुर्क 'शेकेर' म्हणतो, क्रोएशियन 'शेचेर', आणि दोन्ही शब्द फारशीवाटे आपल्या 'शर्करे'पर्यंत येऊन पोचतात. म्हणजे उसनवारीत आपणही कुठेतरी सावकार आहोतच!

मग क्रोएशियन ही तुर्कीची बहीण झाली काय? मुळीच नाही. तुर्की भाषेत शब्दाला मणी ओवल्यासारखे प्रत्यय जोडत जातात. 'एव' म्हणजे घर, 'एवलेर' घरे, 'एवलेरिमिझ' आमची घरे, 'एवलेरिमिझदे' आमच्या घरांमध्ये. लिंगभेद नाहीच, तो, ती, ते या तिन्हींना एकच 'ओ'. क्रोएशियनमध्ये मात्र आपल्यासारखी तीन लिंगे आहेत आणि संस्कृतची आठवण व्हावी अशा सात विभक्त्या. आकडे मोजून पाहावेत : दोनला 'द्वा', तीनला 'त्री', चारला 'चेतिरी', दहाला 'देसेत'. ऐकताच नाते कळते. तुर्क मात्र 'बिर, इकी, उच' मोजतो.

गंमत अशी की, आपल्याच छिंदवाड्याच्या डोंगरातला गोंड बांधव दोनला 'रंड' आणि तीनला 'मुंद' म्हणतो. त्याची भाषा द्रविड कुळातली, तेलुगूच्या गोतातली. हजारो कोसांवरची क्रोएशियन नात्यातली आणि बाजारात रोज भेटणारी गोंडी निराळ्या कुळातली! भाषेचे गोत्र शेजारावरून ठरत नाही, उसन्या शब्दांवरून तर नाहीच. ते ठरते क्रियापद कसे चालते, लिंग-वचन कसे लागते, यावरून.

मराठी आणि हिंदी या तर सख्ख्या नात्यातल्या, त्यामुळे घोटाळा अधिक. शब्द सारखा दिसतो, अर्थ फिरतो. 'सरकार मुलांना मोफत शिक्षा देणार' हे ऐकून एखादी आजी घाबरली तर तिचे काय चुकले? हिंदीतले 'संशोधन' म्हणजे दुरुस्ती, 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न. तिकडची 'ताई' मोठी चुलती असते, आपली ताई बहीण.

आता आपली खिचडी तपासू. 'जाऊन राहिलो' ही घडण हिंदीच्या 'जा रहा हूँ'च्या साच्यावर बेतलेली आहे, हे मान्य केले पाहिजे. पुण्याकडचे लोक त्याला हसतात तेही ठाऊक आहे. पण साचा उसना असला तरी माल मराठी आहे. तो राहिला, ती राहिली, ते राहिलं, ही तिन्ही लिंगे शाबूत आहेत. हिंदीत दोनच, तिथे 'घर' पुल्लिंगी होते. 'आम्ही जातो' आणि 'आपण जाऊ' यांतला फरक इथला लहान मुलगाही चुकत नाही. आपणमध्ये ऐकणारा धरला, आम्हीमध्ये वगळला. हिंदीच्या 'हम'ला हे जमत नाही. 'मले', 'तुले', 'काहून' ही तर वऱ्हाडी-नागपुरीची ओळखच. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ साली निघालेल्या सातव्या खंडात वऱ्हाडी आणि नागपुरी या बोली मराठीतच धरलेल्या आहेत. १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर मुंबई राज्यात गेले, आपण मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा जिल्हा झाला. या सगळ्यात 'मले'चे 'मुझे' काही झाले नाही.

म्हणून 'मंडी', 'दफ्तर', 'ठीक' असे शब्द आले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. काळजी वेगळीच आहे. शाळेतून आलेला नातू दप्तर टाकतो आणि आजीला सांगतो, "मैं खेलने जा रहा हूँ." त्यात उसना शब्द एकही नसतो, सगळे वाक्यच दुसऱ्या घरचे असते. आजी उत्तर देते, "लवकर ये रे बाप्पा," आणि दोघांचेही एकमेकांना कळते, म्हणून घरात कोणाच्या ध्यानात येत नाही.

२०२१ ची जनगणना लांबली. प्रगणक येईल तेव्हा मातृभाषेच्या रकान्याचे उत्तर देण्याचे काम त्या आजीकडे सोपवावे. तिला खिचडी हे नाव ठाऊक नाही.