हजार पौंडांचा फॉरवर्ड : आल्फ कॉमन

मंडळी, आज आपण ज्या खेळाडूची कारकीर्द पाहणार आहोत, त्याचं नाव घेतलं की एकच आकडा पुढे येतो : १,०००. फेब्रुवारी १९०५ मध्ये मिडल्सब्रो क्लबाने आल्फ कॉमनसाठी सन्डरलंड क्लबाला हजार पौंड मोजले. एका फुटबॉलपटूसाठी एवढी रक्कम तोवर कुणीच दिली नव्हती. वर्तमानपत्रांत ओरड झाली, की माणसांचा हा बाजार कुठवर जाणार?

आपल्याला आयपीएलच्या लिलावाची सवय आहे. तिथे लागलेली बोली खेळाडूच्या पदरात पडते. इथे तसं नव्हतं, आणि आजच्या विषयाचं मर्म इथेच आहे. हजार पौंड एका क्लबाने दुसऱ्या क्लबाला दिले. १९०१ पासून इंग्लंडमध्ये नियम होता की खेळाडूला आठवड्याला चार पौंडांहून जास्त पगार द्यायचा नाही. आपण साधा हिशेब करू. चार पौंडांनी हजार मिळवायला अडीचशे आठवडे लागतात, म्हणजे जवळजवळ पाच वर्षं! शिवाय करार संपला तरी जुन्या क्लबाच्या संमतीशिवाय दुसरीकडे खेळता येत नसे. खेळाडूची नोंदणी हीच विकायची वस्तू होती.

कॉमनचा जन्म १८८० सालचा, सन्डरलंडचाच. अंगाने भरलेला, धक्क्याला न हलणारा गडी. १९०१ मध्ये तो शेफील्ड युनायटेडकडे गेला आणि पुढच्याच वर्षी साउदॅम्प्टनविरुद्धच्या एफए कपच्या अंतिम सामन्यात त्याने गोल केला. सामना १-१ असा सुटला, पण फेरसामना जिंकून शेफील्डने कप नेला. इंग्लंडकडून तो तीन सामने खेळला, दोन गोल केले. १९०४ मध्ये सुमारे ५२० पौंडांच्या व्यवहारात सन्डरलंडने त्याला परत आणलं, आणि वर्षाच्या आत शेजारच्या मिडल्सब्रोला विकलं. व्यापार म्हणून पाहिलं तर सन्डरलंडचं चांगलंच साधलं.

मिडल्सब्रोला एवढी घाई का होती? संघ तळाशी होता, दुसऱ्या विभागात घसरायची भीती होती. परगावी जिंकून त्यांना जवळजवळ दोन वर्षं झाली होती. कॉमनचा पहिला सामना नेमका शेफील्डला, जुन्या सहकाऱ्यांच्या मैदानावर. सामना १-० असा सुटला आणि तो एकमेव गोल कॉमनचा, पेनल्टीवर! संघ वाचला.

आता गंमत ऐका. त्या हंगामाच्या शेवटी पहिला विभाग अठरा संघांवरून वीसचा करण्यात आला. त्यामुळे तळाच्या दोन संघांनाही, म्हणजे बरी आणि नॉट्स काउंटीलाही, खाली उतरावं लागलं नाही. हजार पौंड खर्च केले नसते तरी मिडल्सब्रो बहुधा वरच राहिलं असतं. अर्थात फेब्रुवारीत हे कुणाला ठाऊक असणार?

पुढे १९०६ मध्ये नियमाबाहेर पैसे वाटल्याबद्दल मिडल्सब्रोला दंड झाला आणि अकरा संचालक निलंबित झाले. म्हणजे पगाराची मर्यादा कागदावर होती आणि पाकिटं टेबलाखालून जात होती. आम्हाला यात फारसं नवल वाटत नाही. कष्टाचं मोल उघड देता येत नसेल तर ते चोरवाटेनेच जातं. १९०८ च्या सुरुवातीला फुटबॉल असोसिएशनने ट्रान्सफरवरही ३५० पौंडांची मर्यादा घातली. ती काही महिन्यांतच मागे घ्यावी लागली. त्याच सुमाराला, म्हणजे डिसेंबर १९०७ मध्ये, मँचेस्टरला खेळाडूंनी आपली संघटना उभी केली होती.

कॉमन १९१० पर्यंत मिडल्सब्रोतच होता. नंतर वुलिच आर्सेनल, मग प्रेस्टन. प्रेस्टन १९१३ मध्ये दुसऱ्या विभागात पहिलं आलं, त्या संघात तो होता. १९१४ मध्ये त्याने खेळ सोडला आणि डार्लिंग्टनला पब चालवायला घेतला. तिथे तो १९४३ पर्यंत गल्ल्यावर होता. १९४६ मध्ये तो वारला. पगाराची मर्यादा तेव्हाही चालूच होती. आकडा वाढला होता एवढंच. ती उठली १९६१ मध्ये.