विश्लेषण : नार-पार-गिरणाला मान्यता मिळाली, पैसा कुठून येणार?

पश्चिमेकडे समुद्राला मिळणारे पाणी अडवून गिरणा खोऱ्यात वळवण्याच्या नार-पार-गिरणा नदीजोड प्रकल्पाला राज्य मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता दिली. खर्च ७,०१५ कोटी रुपये. एवढा पैसा राज्य एकटे उभा करणार का, केंद्र हात देणार का आणि दिला तर कोणत्या अटींवर, हे प्रश्न नाशिक आणि जळगावच्या शेतकऱ्यांसाठी मान्यतेइतकेच महत्त्वाचे आहेत.

प्रकल्प नेमका काय आहे?

नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा आणि पेठ हे घाटमाथ्यावरचे आदिवासी तालुके. पावसाळ्यात येथे धो धो पाऊस पडतो. पण नार, पार आणि शेजारच्या नद्या पश्चिमेकडे उतरून गुजरातमार्गे अरबी समुद्राला मिळतात. डोंगराच्या पलीकडे, पूर्वेला मालेगाव, चाळीसगाव, भडगाव, पाचोऱ्याचा भाग मात्र पावसाच्या भरवशावर. या पश्चिमवाहिनी नद्यांवर नऊ धरणे बांधायची, तेथील पाणी उपसून बोगद्यातून डोंगराच्या पूर्वेला आणायचे आणि कळवण तालुक्यातील चणकापूर धरणाच्या वरच्या अंगाला गिरणा खोऱ्यात सोडायचे, अशी ही योजना आहे. त्यातून ९.१९ टीएमसी पाणी मिळणार असून नाशिक व जळगाव जिल्ह्यांतील ४९,५१६ हेक्टर क्षेत्राला लाभ अपेक्षित आहे.

केंद्राचा पैसा का मिळत नाही?

याचे उत्तर २०१० मध्ये आहे. त्या वर्षी मे महिन्यात केंद्र, महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात सामंजस्य करार झाला. पार-तापी-नर्मदा आणि दमणगंगा-पिंजाळ या दोन जोडप्रकल्पांचे सविस्तर अहवाल करण्याचे त्यात ठरले. पहिल्या प्रकल्पात पाणी गुजरातकडे, तर दुसऱ्यात मुंबईकडे जाणार होते. नाशिक, मराठवाडा आणि खान्देशातून त्याला विरोध झाला. आमच्या डोंगरावरचे पाणी आधी आमच्या तुटीच्या खोऱ्यांना द्या, अशी मागणी होती. २०१९ मध्ये राज्याने आंतरराज्य जोडणीऐवजी राज्यांतर्गत जोडप्रकल्प स्वतः करण्याची भूमिका घेतली.

पाणी राज्यात राहणार हे ठरले, पण त्याची किंमतही ठरली. केंद्राची मोठी मदत प्रामुख्याने आंतरराज्य किंवा राष्ट्रीय प्रकल्पांकडे वळते. केन-बेतवा हा मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेशला जोडणारा प्रकल्प. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने त्याच्या ४४,६०५ कोटींच्या खर्चापैकी ३९,३१७ कोटींची मदत मंजूर केली. म्हणजे सुमारे ८८ टक्के. एकाच राज्यात सुरू होऊन तेथेच संपणाऱ्या नार-पार-गिरणाला असा दावा करता येत नाही.

मग केंद्राचे दुसरे दार कोणते?

प्रधानमंत्री कृषी सिंचाई योजनेतील वेगवर्धित सिंचन लाभ कार्यक्रम हे ते दार. २०१६ मध्ये देशातील ९९ अपूर्ण प्रकल्प त्यात निवडले गेले. त्यांपैकी २६ महाराष्ट्रातले होते आणि नाशिक जिल्ह्याशी संबंधित नांदूर-मधमेश्वर टप्पा दोन हा त्यातलाच एक. राज्यांना आपला वाटा उचलता यावा म्हणून नाबार्डमार्फत दीर्घकालीन सिंचन निधीतून कर्जाची सोयही झाली. २०१८ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि इतर दुष्काळी भागांतील ९१ प्रकल्पांसाठी बळीराजा जलसंजीवनी योजना आली. तिच्यात उरलेल्या खर्चाच्या २५ टक्के वाटा केंद्राचा होता. मात्र हा भर अर्धवट राहिलेली कामे पूर्ण करण्यावर होता. कोऱ्या पाटीवर सुरू होणाऱ्या प्रकल्पाला हा रस्ता लांबचा आहे.

या रस्त्यावर कोणते टप्पे लागतात?

केंद्रीय जल आयोगाकडून सविस्तर अहवालाची छाननी, पर्यावरण व वन मान्यता, तांत्रिक सल्लागार समितीची संमती आणि शेवटी गुंतवणूक मान्यता. छाननीत लाभ-खर्चाचे गुणोत्तर पाहिले जाते. सर्वसाधारणपणे एका रुपयाच्या खर्चामागे दीड रुपयाचा लाभ दिसावा लागतो, दुष्काळप्रवण भागात एक रुपयाचा चालतो. नार-पार-गिरणाचा मंजूर खर्च लाभक्षेत्राने भागला, तर हेक्टरी सुमारे १४ लाख रुपये पडतात. शिवाय पाणी उपसून न्यायचे असल्याने विजेचे बिल दरवर्षीचे. म्हणून ही कसोटी अवघड ठरते.

राज्याच्या तिजोरीतून शक्य आहे का?

शक्य आहे, पण वेगाचा प्रश्न आहे. प्रशासकीय मान्यता म्हणजे खर्चाला परवानगी. पैसा मिळतो तो दरवर्षीच्या अर्थसंकल्पातील तरतुदीतून. साधा हिशेब असा : वर्षाला ५०० कोटी मिळाले तर आजच्याच दराने १४ वर्षे लागतील, हजार कोटी मिळाले तर सात. त्यातच राज्यपालांच्या निर्देशांनुसार सिंचनाचा निधी विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांत वाटला जातो. नाशिक व जळगाव ‘उर्वरित’मध्ये येतात, म्हणजे वाटेकरी पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणही. दमणगंगा-वैतरणा-गोदावरी आणि दमणगंगा-एकदरे-गोदावरी या गोदावरी खोऱ्यासाठीच्या जोडप्रकल्पांचा भारही त्याच तिजोरीवर आहे.

उशीर झाला तर काय होते?

विदर्भातील गोसीखुर्दला १९८३ मध्ये मान्यता मिळाली तेव्हा खर्च ३७२ कोटी होता. पुढे सुधारित खर्च १८ हजार कोटींच्या वर गेला. २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळून केंद्राचा मोठा वाटाही आला, तरी भूसंपादन, पुनर्वसन आणि कालव्यांची कामे रेंगाळत राहिली. म्हणजे केंद्राचा पैसा मिळाला की प्रकल्प सुटला, असे होत नाही.

ज्यांच्या गावात धरणे, त्यांचे काय?

सुरगाणा आणि पेठमधील पाडे पावसाळ्यात पाण्याने वेढलेले असतात आणि उन्हाळ्यात तिथल्या बायका हंडे घेऊन तळ गाठलेल्या विहिरींवर जातात. धरणे याच तालुक्यांत होणार, पाणी मात्र डोंगरापलीकडे जाणार. पार-तापी-नर्मदाला गुजरातमधील आदिवासींनी जोरदार विरोध केला आणि मे २०२२ मध्ये गुजरात सरकारने तो प्रकल्प रद्द केल्याचे जाहीर केले. स्थानिकांच्या पिण्याच्या आणि शेतीच्या पाण्याचा वाटा आराखड्यातच ठरला नाही, तर निधी असूनही काम अडू शकते.

यापुढे कशावर लक्ष ठेवायचे?

तीन गोष्टींवर. जलसंपदा विभागाच्या वार्षिक तरतुदीत या प्रकल्पापुढे किती रक्कम लिहिली जाते, वन आणि भूसंपादनाचे प्रस्ताव कुठपर्यंत पोहोचतात आणि वरच्या गावांना किती पाणी राखून ठेवले जाते. गिरणाकाठच्या शेतकऱ्याला मान्यतेच्या बातमीपेक्षा हे तीन आकडे जास्त सांगतील.