म्हातारपणाचा विसर की मेंदूतली केबल खराब? बीपी-शुगरकडे दुर्लक्ष नको

जळगाव जामोद : "वय झालं, आता विसरणारच," असं म्हणून गावागावांत म्हाताऱ्या माणसांचा विसर सोडून दिला जातो. आबा शेताचा रोजचा रस्ता चुकतात, आजी एकच प्रश्न दहा वेळा विचारते, घरचे हसून घेतात. मात्र प्रत्येक विसर वयाचा नसतो. त्यामागे अल्झायमर हा मेंदूचा आजार असू शकतो.

देशात ६० वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण जास्त निघाले. स्मृतिभ्रंशाचे सर्वांत मोठे कारण म्हणजे अल्झायमर.

मेंदूत नेमकं काय होतं?

मेंदूचे ढोबळमानाने दोन भाग समजा. करड्या भागातल्या पेशी आठवण आणि विचार सांभाळतात. पांढऱ्या भागात या पेशींना एकमेकींशी जोडणारे तंतू असतात. त्या तंतूंवर मायलिन नावाचे चरबीचे आवरण असते. विहिरीवरची मोटार चांगली आहे, पण केबल सोलली गेली, तर पाणी बरोबर येईल का? तसंच इथं होतं. निरोप उशिरा पोहोचतो किंवा पोहोचतच नाही. मग माणूस हळू विचार करतो, हिशेब जमत नाही, चालणंही मंदावतं.

१९०६ मध्ये जर्मनीतील डॉ. आलोइस अल्झायमर यांनी एका मृत महिलेच्या मेंदूत प्रथिनांच्या गाठी व गुंता पाहिला. बरीच वर्षे सगळं लक्ष करड्या भागावरच राहिलं. एमआरआय आल्यावर पांढऱ्या भागातले बदलही दिसू लागले. फोटोत ते पांढरे डाग दिसतात. असे थोडे डाग उतारवयात बऱ्याच जणांना असतात, त्यामुळे डाग दिसला म्हणजे अल्झायमरच, असं नाही. पण डाग जास्त असले, तर बुद्धी लवकर घसरण्याचा धोका वाढतो.

ठिबकसारखंच गणित

खारपाण पट्ट्यातल्या शेतकऱ्याला ठिबक चोंदणं नवं नाही. मुख्य पाइप चालू, पण बारीक छिद्रांत क्षार बसला की झाड सुकतं. पांढऱ्या भागाला रक्त देणाऱ्या नळ्या अशाच बारीक असतात. वाढलेला बीपी, शुगर आणि बिडी-सिगारेट यांनी त्या अरुंद होतात. या पट्ट्यात किडनीच्या तक्रारी जुन्या आहेत. किडनी बिघडली की बीपी वाढतो, त्यामुळे इथल्या लोकांनी जास्त जपायला हवं.

अमेरिकेत ९ हजारांहून जास्त बीपीच्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. वरचा बीपी १२० च्या खाली ठेवलेल्यांत, १४० पर्यंत ठेवलेल्यांपेक्षा सौम्य बुद्धिदोष कमी दिसला आणि पांढरे डागही कमी वाढले. आपला आकडा किती असावा, हे मात्र डॉक्टरच ठरवतील.

घरच्यांनी काय करावं?

तिशीनंतर आरोग्य उपकेंद्रात बीपी-शुगर मोफत तपासून घ्या. बरं वाटतं म्हणून बीपीची गोळी मनानं बंद करू नका. जेवणातलं मीठ कमी करा, बिडी-तंबाखू सोडा, रोज चाला. कमी ऐकू येत असेल तर कान दाखवा.

विसर वाढतच असेल, तर जडीबुटी किंवा बाहेरची बाधा यात वेळ घालवू नका. डॉक्टरांना बी-१२ आणि थायरॉईडची तपासणी विचारा. यांच्या कमतरतेनंही विसर पडतो आणि तो उपचारानं सुधारू शकतो. अल्झायमर पूर्ण बरा करणारं औषध नाही, पण काहींना गोळ्यांनी काही काळ फायदा होतो. सल्ल्यासाठी टेली-मानस १४४१६ हा मोफत नंबर आहे.

अशा माणसावर ओरडून त्याची आठवण परत येत नाही. खिशात नाव-पत्ता व घरचा मोबाईल नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा, आणि शेताच्या कागदावर अंगठा घेण्याआधी त्याला खरंच समजतंय का, हे पाहा.