परमुलखातली भाकरी

अलीकडच्या काही वर्षांत माझ्याकडे लसीकरणाचे कार्ड घेऊन येणाऱ्या आजी-आजोबांच्या प्रश्नांत एक नवा देश दाखल झाला आहे. पूर्वी नातवंड अमेरिकेला, इंग्लंडला किंवा आखातात निघालेले असे. आता "डॉक्टर, मुलाची बदली मेक्सिकोला झाली, सोबत सूनबाई आणि बाळही जायचंय," असेही कानावर येते. यात नवल नाही. २००७ साली टाटा कन्सल्टन्सीने ग्वादालाहारा येथे आणि इन्फोसिसने मॉन्तेरे येथे आपली केंद्रे उघडली, तेव्हापासून भारतीय संगणक अभियंत्यांची या देशात ये-जा सुरू आहे. जाणाऱ्यांच्या बोलण्यात एक वाक्य हमखास येते: "शहर मोठं आहे, पण अमेरिकेच्या मानानं खर्च कितीतरी कमी." घरभाडे, मोलकरीण, भाजीपाला, डॉक्टरची फी या सर्वच बाबतींत ते खरे आहे. परंतु परमुलखात राहण्याची किंमत केवळ घरभाड्यात मोजता येते काय, या प्रश्नाचा थोडा विचार या स्मरणिकेच्या निमित्ताने करावा, असे वाटले.

आधी आरोग्याचे चार शब्द

प्रथम बालरोगतज्ज्ञाच्या अधिकारातील गोष्टी. आपले बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचीवर आहे. ग्वादालाहारा पाच हजार फुटांच्या वर आहे, तर मेक्सिको शहर सात हजार तीनशे फुटांच्या आसपास. निरोगी बालकाला ही उंची सोसते, पण प्राणवायूचे प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर आकडा सपाटीपेक्षा काहीसा कमी दिसतो आणि रक्तातील हिमोग्लोबिन हळूहळू वाढते. म्हणून तेथे रक्तक्षयाचे निदान करताना उंचीनुसार दुरुस्ती करावी लागते. जन्मजात हृदयविकार किंवा फुप्फुसाचा जुनाट आजार असलेल्या बालकाच्या पालकांनी मात्र निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. बीसीजीची लस तेथेही जन्मतःच देतात, त्यामुळे बाळाच्या दंडावरील व्रण पाहून कोणी बुचकळ्यात पडत नाही. नळाचे पाणी पिण्याची प्रथा नाही. घरोघरी वीस लिटरचे भांडे विकत घेतात. औषधाच्या दुकानाला लागूनच अल्प शुल्कात तपासणारा डॉक्टर बसलेला आढळतो. गोड पेयांचे व्यसन मोठे असून मुलांतील स्थूलता हा तेथील सरकारचाही चिंतेचा विषय आहे. त्यासाठी २०१४ पासून अशा पेयांवर कर आणि २०२० पासून वेष्टनांवर काळे अष्टकोनी इशारे छापणे सुरू झाले. भूकंपाचे भान तर ठेवावेच लागते. १९ सप्टेंबर १९८५ च्या भूकंपात मेक्सिको शहरातील रुग्णालये कोसळली आणि ढिगाऱ्याखालून कित्येक दिवसांनी नवजात अर्भके जिवंत निघाली, ही घटना आमच्या शाखेत आजही सांगितली जाते.

वर्ध्याचे खानखोजे

मेक्सिकोला निघालेल्या तरुणांना मी एक नाव आवर्जून सांगतो. ते म्हणजे डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे. १८८४ साली वर्ध्यास जन्मलेला हा तरुण लोकमान्य टिळकांच्या प्रभावाने सशस्त्र क्रांतीचे स्वप्न घेऊन विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जपानमार्गे अमेरिकेस पोहोचला. लष्करी शिक्षण घेतले, शेतीशास्त्राचेही घेतले आणि गदर चळवळीच्या उभारणीत सहभागी झाला. त्यांचे सहकारी विष्णू गणेश पिंगळे १९१५ साली लाहोरला फासावर गेले. खानखोजे पहिल्या महायुद्धाच्या काळात इराणच्या भूमीवर इंग्रजांशी लढले, पुढे बर्लिन व मॉस्को पाहिले, आणि मायदेशाचे दार बंद असल्यामुळे १९२४ साली मेक्सिकोत उतरले.

तेव्हाचा मेक्सिको नुकताच राज्यक्रांतीतून बाहेर पडला होता. मोठमोठ्या जमीनदाऱ्या मोडून गावांना जमिनी देण्याचे काम सुरू होते. अनेक देशांतील परागंदा लोकांना त्या देशाने आसरा दिला. पुढे १९३७ मध्ये ट्रॉट्स्की व १९३९ नंतर स्पेनमधील हजारो निर्वासित तेथेच आले. खानखोजे यांना मेक्सिको शहराच्या पूर्वेस तेस्कोकोजवळील चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात अध्यापकाचे काम मिळाले. ते स्पॅनिश शिकले, स्पॅनिशमध्ये शिकवू व लिहू लागले. मका आणि गहू यांच्या सुधारित वाणांवर त्यांनी संशोधन केले. मका व त्याचा रानटी नातलग तेओसिंते यांचा संकर केला. एवढ्यावर न थांबता गावातील शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा चालविण्यात पुढाकार घेतला. विख्यात चित्रकार दिएगो रिवेरा यांचा या कामी पाठिंबा होता. त्यांच्या मक्याच्या कणसांची छायाचित्रे तीना मोदोत्ती यांनी टिपली. मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रिवेरा यांनी रंगविलेल्या एका चित्रात जेवणाच्या मेजावर भाकरी मोडणारा एक पुरुष आहे. तो चेहरा खानखोजे यांचाच, असे मानले जाते.

१९३६ मध्ये त्यांनी मूळच्या बेल्जियन असलेल्या जान सिंदिक यांच्याशी विवाह केला. मुलींची नावे सावित्री आणि माया ठेवली. स्वातंत्र्यानंतर मायदेशी येताना, इंग्रजांच्या काळ्या यादीतून नाव पुसले गेले नसल्यामुळे त्यांना विमानतळावर अडविण्यात आले, असे त्यांच्या चरित्रात नोंदलेले आहे. अखेरची वर्षे नागपुरात काढून १९६७ साली ते निवर्तले. वीणा गवाणकर यांनी मराठीत व कन्या सावित्री सॉहनी यांनी इंग्रजीत त्यांचे चरित्र लिहिले आहे. चापिंगोच्या आवारात २०२२ साली लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. परक्या देशाने आपल्या कृषी विद्यापीठात वर्ध्याच्या माणसाचा पुतळा उभारू द्यावा, हे भाग्य स्वस्ताईच्या शोधात गेलेल्याला लाभत नसते.

चुन्याची गोष्ट

खानखोजे ज्या धान्यावर काम करीत होते, त्या धान्याचीच एक गोष्ट आहे. ती डॉक्टरांनी तर जरूर ध्यानात ठेवावी.

मेक्सिकोतील गृहिणी मका तसाच दळत नाही. चुना घातलेल्या पाण्यात दाणे शिजवते, रात्रभर तसेच ठेवते, सकाळी धुऊन त्यांची साले काढते आणि मग वाटते. वाटण्याचे त्यांचे दगडी साधन आपल्या पाट्याचा सख्खा भाऊ शोभावे असे आहे. त्या पिठाच्या गोळ्याची पातळ भाकरी थापून तव्यावर भाजली की तिची तोर्तिया होते. आपल्या जोंधळ्याच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला ती लगेच ओळखीची वाटावी. मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व बांधलेल्या अवस्थेत असते आणि शरीराला सहजी मिळत नाही. चुन्याच्या संस्काराने ते मोकळे होते, शिवाय कॅल्शियमची भर पडते ती वेगळीच. हजारो वर्षांपूर्वी प्रयोगशाळेविना सिद्ध झालेले हे शास्त्र आहे.

युरोपियन लोकांनी अमेरिका खंडातून मका उचलून नेला. तो भरघोस पिकतो, स्वस्तात पोट भरतो, एवढेच त्यांनी पाहिले. चुन्याची रीत मात्र त्यांनी मागे ठेवली. परिणामी स्पेनमध्ये, उत्तर इटलीत, आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागात मक्यावरच गुजराण करणाऱ्या गरिबांमध्ये पेलाग्रा पसरला. कातडी काळवंडून सोलणे, जुलाब, बुद्धिभ्रंश आणि शेवटी मृत्यू, अशी त्याची वाटचाल. मेक्सिकोतील शेतकरी तोच मका पिढ्यान्‌पिढ्या खात होता, पण त्याच्या वाट्याला हे दुखणे क्वचितच आले. निपाणीच्या पंचक्रोशीत चुन्याची डबी तंबाखूच्या सोबतीने खिशात फिरते. त्याच चुन्याने तिकडे लेकरांची भाकरी पौष्टिक केली, हे आठवले की मन थोडे खट्टू होते.

परमुलखात जाणाऱ्याने एवढे एक उदाहरण गाठीशी बांधावे. तेथील स्वस्त ते उचलले आणि तेथील माणसांची रीत, भाषा, शहाणपण यांकडे पाठ फिरवली, तर पोट भरते, पण अंगी लागत नाही.

आपल्यावरील मेक्सिकोचे ऋण

या देशाशी आपले नाते एकतर्फी नाही. बालकाचे वजन वयाच्या मानाने किती टक्के आहे, त्यावरून कुपोषणाच्या श्रेणी ठरविण्याची पद्धत आम्ही विद्यार्थिदशेत शिकलो, ती डॉ. फेदेरिको गोमेस यांची. मेक्सिको शहरातील १९४३ साली सुरू झालेल्या बालरुग्णालयात त्यांनी ती मांडली. नव्वद, पंचाहत्तर आणि साठ टक्क्यांच्या त्या रेषांवरूनच पुढे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९७२ साली आपल्या देशासाठी वेगळ्या श्रेणी ठरविल्या. अंगणवाडीच्या तक्त्यांवर त्या वर्षानुवर्षे वापरल्या गेल्या.

अन्नाचेही तसेच. १९६६ साली भारताने मेक्सिकोतून अठरा हजार टन बुटक्या गव्हाचे बियाणे आणले आणि हरितक्रांतीला बळ मिळाले. त्याच वर्षी चापिंगोच्या परिसरात, तेस्कोकोजवळ, मका व गहू यांचे आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्र औपचारिकपणे स्थापन झाले. तेथे आयुष्य वेचणाऱ्यांत भारतीयही आहेत. प्रथिनांची प्रत सुधारलेला मका तयार केल्याबद्दल सुरिंदर वासल यांना २००० साली मेक्सिकोच्या एव्हान्हेलिना व्हियेगास यांच्यासह जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. गव्हाचे थोर संशोधक संजय राजाराम यांना तो २०१४ साली लाभला. वाराणसीकडच्या खेड्यातून गेलेल्या राजाराम यांनी मेक्सिकोचे नागरिकत्व घेतले आणि २०२१ साली तेथेच देह ठेवला.

स्वस्ताई कोणासाठी?

जुलै २०२५ मध्ये मेक्सिको शहरातील रोमा आणि कोन्देसा या वस्त्यांत स्थानिक लोक रस्त्यावर उतरले. परदेशी पाहुणे डॉलरमध्ये कमावतात, पेसोत भाडे भरतात, आणि भाडी इतकी चढतात की पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहिलेल्यांना घर सोडावे लागते, ही त्यांची तक्रार होती. जे शहर आपल्याला स्वस्त वाटते, ते आपल्यामुळेच दुसऱ्याला महाग होऊ शकते.

स्वस्ताईचा आणखी एक हिशेब घरच्या बाजूने करावा लागतो. मेक्सिको शहराचे घड्याळ आपल्यामागे साडेअकरा तास चालते. निपाणीत किंवा खानापुरात आजोबांच्या छातीत पहाटे कळ आली, तेव्हा तेथे आदल्या दिवशीची सायंकाळ असते. मुलगा फोन करतो तो ओळखीच्या डॉक्टरला. मुलांचा डॉक्टर असूनही मी अशा फोनवर आजोबांना पाहायला गेलो आहे. आपल्यापैकी अनेकजण जातात. हे आपण फीसाठी करीत नाही. पण परदेशी निघालेल्या प्रत्येक कुटुंबाने मागे राहणाऱ्यांची व्यवस्था आधीच लावावी, असे मात्र मला स्पष्ट सांगावेसे वाटते.

आपणा सीमाभागातील मराठी माणसांना परकेपणाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. १९५६ साली आपल्या वडीलधाऱ्यांनी गाव सोडले नाही, राज्य बदलले. त्याची वेदना आणि त्याविषयीची मते प्रत्येकाने आपापल्या परीने जपली आहेत. तरीही दवाखान्यात गोकाकची माउली तापाने फणफणलेले लेकरू घेऊन आली की आपण कन्नडमध्येच विचारतो आणि औषधाचे प्रमाण कन्नडमध्येच समजावतो. त्याने आपली मराठी उणी झाली नाही. घरात मराठी, दवाखान्यात मराठी-कन्नड-उर्दू, आणि परिषदेत इंग्रजी, अशी आपली रीतच पडली आहे. बेळगावात शिकायला आलेली मलेशियाची मुलेही भाजीवालीशी मोडक्यातोडक्या मराठी-कन्नडमध्ये बोलू लागतात, तेव्हा ती आपली वाटू लागतात.

म्हणून मेक्सिकोच काय, कोठेही निघालेल्या आपल्या मुलामुलींना एवढेच सांगावे. भाडे किती, हे जरूर विचारा. त्याबरोबर तेथील भाषा शिका, शेजारणीच्या हातची तोर्तिया खा आणि तिला आपली भाकरी खाऊ घाला. त्या गावाला आपला काय उपयोग होईल, याचाही विचार करा. आणि आठवड्यातून एकदा तरी, येथील घड्याळ पाहून, आई-वडिलांना फोन करा.