पडली म्हणून गाडी सोडायची?

‘बाईच्या जातीला कशाला हवी गाडी? पडली ना शेवटी!’ गाडीवरून पडलेल्या बाईला बघायला माणसं येतात, त्यात हे वाक्य बोलणारं कुणीतरी हमखास असतं. चहा पिऊन माणसं निघून जातात, वाक्य मात्र घरात राहतं. गंमत बघा, घरातला मुलगा पडला तर ‘पडल्याशिवाय का गाडी येते?’ असं म्हणून प्लास्टर निघायच्या आत किल्ली पुन्हा त्याच्या हातात येते. बाईची किल्ली खुंटीवर जाते, ती तिथेच राहते.

बचत गटांच्या कामासाठी जळगाव, एरंडोल, पारोळा, धुळे या पट्ट्यात माझं सारखं जाणं-येणं असतं. आमच्या गटातली एक ताई स्कूटीवरून पापड-शेवया पोचवायची. रस्त्यावर सांडलेल्या खडीवरून चाक घसरलं आणि मनगट मोडलं. दीड महिन्यात हात बरा झाला, पण तेवढ्यात गाडी दिराकडे गेली होती. आता ती जड पिशवी घेऊन काळी-पिवळीची वाट बघत उभी असते. तिची निम्मी गिऱ्हाइकं सुटली. मैत्रिणींनो, यात मोठं नुकसान कशाने झालं? मनगट मोडल्याने की गाडी गेल्याने?

अशा वेळी मला शेजारच्या कर्नाटकातली ऐश्वर्या पिस्से आठवते. बंगळूरची ही मुलगी मोटारसायकलच्या शर्यतींत भाग घेते. २०१७ मध्ये तिचं गळ्याखालचं हाड, ज्याला डॉक्टर कॉलरबोन म्हणतात, ते मोडलं. शस्त्रक्रिया करून आत स्टीलची पट्टी बसवावी लागली. त्यातून ती उठली आणि २०१८ मध्ये स्पेनमधल्या ‘बाहा अरागॉन’ या खडतर रॅलीत उतरली. तिथे पुन्हा अपघात झाला आणि स्वादुपिंडाला गंभीर इजा झाली. आपल्याकडे एवढ्यावर सात पिढ्यांनी गाडीचं नाव काढलं नसतं! पण पुढच्याच वर्षी, २०१९ च्या ऑगस्टमध्ये, तिने बाहा रॅलींच्या विश्वचषकात महिलांचं विजेतेपद मिळवलं. मोटारस्पोर्टमध्ये असं जागतिक विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय ठरली.

तुम्ही म्हणाल, ‘ती कुठे, आपण कुठे! आपल्याला काय शर्यत लावायची आहे?’ नाहीच लावायची. पण या खेळातली माणसं पडण्याकडे कसं बघतात, ते मात्र आपल्या घरात यायला हवं.

चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला ३.७ किलोमीटरचा शर्यतीचा ट्रॅक आहे, कोइमतूरजवळ करी मोटर स्पीडवे आहे. अशा ठिकाणी ‘ट्रॅक डे’ असतात. म्हणजे शर्यत नसते, फी भरून आपली गाडी चालवायचा सराव करायचा. आधी गाडी तपासली जाते. मग सगळ्यांना बसवून नियम सांगतात. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका आहे, ओव्हरटेक करू नका. लाल झेंडा म्हणजे वेग कमी करून परत या. नवख्यांचा गट वेगळा, सरावलेल्यांचा वेगळा. पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट, चामड्याचा सूट, हातमोजे आणि बूट असल्याशिवाय आत सोडत नाहीत. ॲम्ब्युलन्स तयार उभी असते. म्हणजेच, माणूस पडू शकतो हे तिथे आधीच मान्य केलेलं असतं. म्हणून तयारी असते आणि पडल्यावर दोष देत बसायची वेळ येत नाही.

आता आपला हायवे आठवा. केळीचे ट्रक, कापसाच्या गाड्या, उलट्या बाजूने येणारे दुचाकीवाले. ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने जातात, इथे कोण कुठून येईल याचा नेम नाही. धोका आपल्याला जास्त आणि तयारी मात्र शून्य! ‘इथं बाजारात तर जायचं’ म्हणून हेल्मेट घरी. मे महिन्यात जळगावच्या उन्हात डोकं उकडतं, हे मलाही कळतं. पण उकडलेलं डोकं सावलीत निवतं, फुटलेलं नाही.

तेव्हा चार गोष्टी आपणही करू या. हेल्मेट आयएसआय शिक्क्याचंच घ्यायचं आणि हनुवटीखालचा पट्टा लावायचा. अंबाड्यावर हेल्मेट नीट बसत नाही, म्हणून खाली वेणी घालायची. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी बदलायचं. पदर, ओढणी, स्कार्फची टोकं खोचून घ्यायची. मागे बसणारीचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागचं चाक निम्मं तरी झाकलेलं हवं, असा १९८९ च्या मोटार वाहन नियमांतच दंडक आहे. गाडी घेताना साडी गार्ड आहे का, हे दुकानदाराला ठणकावून विचारा.

आणि पडलोच तर? ‘काही नाही झालं गं’ म्हणत लगेच उठून स्वयंपाकाला लागायचं नाही. डोक्याला मार लागला असेल आणि नंतर उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा बोलण्यात गोंधळ जाणवला, तर तडक दवाखाना गाठायचा. दुसरं कुणी पडलेलं दिसलं तर हेल्मेट ओढून काढायचं नाही, मानेला इजा असू शकते. १०८ ला फोन करायचा. २०२५ पासून केंद्र सरकारच्या योजनेत रस्ते अपघातातल्या जखमींना नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची सोय आहे. हे घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या.

मग येतो बरं होण्याचा काळ. खेळाडू पडला तर हाड जुळल्यावर व्यायाम, फिजिओथेरपी आणि मग हळूहळू सराव, असा क्रम असतो. आपल्याकडे बाईचं प्लास्टर निघालं की दुसऱ्या दिवशी कणकेची परात तिच्यापुढे! परात चालते, मग गाडी का नाही? डॉक्टरांनी सांगितलेले मनगटाचे, खांद्याचे व्यायाम पूर्ण करा. ते गाडी चालवायला हो म्हणाले, की आधी गल्लीत, मग मोकळ्या मैदानात, सोबत कुणाला तरी घेऊन गाडी काढा. छातीत धडधडेल, ब्रेक उगाच दाबला जाईल. होऊ द्या. हाडासारखीच भीतीलाही बरं व्हायला वेळ लागतो.

१९७२ मध्ये पुण्याच्या कायनेटिकने लूना आणली. पुढे शिक्षिका, नर्स, नोकरदार बाया तिच्यावरून कामाला जाऊ लागल्या. त्यांच्यातल्याही कितीतरी जणी पडल्या असतील. त्या पुन्हा गाडीवर बसल्या, म्हणून आज आपल्या मुलींना कुणी फारसं अडवत नाही. तेव्हा तुमच्या घरात, शेजारात कुणी पडली असेल, तर तिला बघायला जाताना नारळपाणी न्या, पण ते वाक्य नेऊ नका. त्याऐवजी विचारा, ‘काय गं, पुन्हा गाडी कधी काढतेस? मी येते मागे बसायला.’