ती काय पुरुषांची गाडी?

आमच्या दिघीत पहाटे साडेपाचपासून चाकणच्या कंपन्यांच्या बसेस सुरू होतात. माझी भाचीही त्यातल्याच एका बसने जाते. दिवसभर मोटरसायकलचे भाग जोडणारी ही पोर परवा म्हणाली, "मावशी, मला दादाची ॲव्हेंजर शिकायचीय."

"ती पुरुषांची गाडी. तुला झेपायची नाही," ताईने लगेच निकाल दिला.

खरंच झेपायची नाही? मी जरा माहिती काढली. या गाडीचं घराणं मूळचं अमेरिकेचं. १९०३ मध्ये मिलवॉकी शहरात सुरू झालेल्या हार्ले-डेव्हिडसनने ही 'क्रूझर' जगभर गाजवली. तिकडचे रस्ते लांबलचक आणि सरळ. तासन्‌तास बसून कंबर दुखू नये म्हणून सीट खाली, पाय पुढे आणि हँडल उंच, आपल्याकडे वळलेलं. म्हणजे आरामखुर्चीच म्हणा ना!

आपल्या आकुर्डीच्या बजाज ऑटोने २००१ मध्ये कावासाकीच्या साथीने १७५ सीसीची एलिमिनेटर आणली. तिच्याच वळणाची ॲव्हेंजर २००५ मध्ये आली, ती १८० सीसीची. पुढे २००७ मध्ये इंजिन २०० सीसीचं झालं, २०१० मध्ये २२० चं. २०१५ मध्ये तिचे क्रूझ आणि स्ट्रीट असे दोन अवतार निघाले.

आता गंमत बघा. या २२० क्रूझची सीट जमिनीपासून ७३७ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम २९ इंच. पल्सर १५० ची याहून जवळजवळ दोन इंच उंच. सिग्नलला थांबलं की पाच फुटांच्या बाईचेही पाय नीट टेकतात. जिला आपण पुरुषांची म्हणतो, ती बसायला आपल्यालाच सोयीची!

वजन मात्र १६० किलोच्या वर आहे, हे विसरून चालणार नाही. चालताना ते जाणवत नाही, पण गाडी ढकलताना आणि अरुंद जागेत वळवताना चांगलंच जाणवतं. शिवाय विनागिअर स्कूटरचं लायसन्स इथे चालत नाही. आधी गिअरच्या गाडीचं शिकाऊ लायसन्स, मग किमान तीस दिवसांनी परीक्षा. ओढणीची पक्की गाठ आणि पायात बूट हवेतच.

भाचीने शिकाऊ लायसन्स काढलं. दर रविवारी मोकळ्या मैदानात सराव सुरू झाला. पहिल्याच दिवशी वळताना गाडी कलंडली. आम्ही दोघींनी मिळून उचलली, हसत हसत. ताईला मात्र बोललो नाही.

गेल्या आठवड्यात ती परीक्षा पास झाली. संध्याकाळी तिने अंगणातून गाडी बाहेर काढली. ताई दारात उभी. आता काय बोलते म्हणून मी श्वास रोखला. ती एवढंच म्हणाली, "अगं, हेल्मेट कुठंय तुझं?"

तुमच्याही घरी अशी एखादी गाडी उभी असेल. एकदा बसून तर बघा, पाय टेकतात का!